तळ्याकाठची पेटी

आमच्या घरात चहाची गाळणी कधी वर्षभर टिकली नाही. थंडी पडू लागली आणि बागेतल्या रोषणाईचं काम निघालं, की एके दिवशी गाळणीची जाळी नाहीशी होते आणि नुसतं कडं खिळ्याला लटकत राहतं. भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचंही तेच. कपाटातल्या डांबरगोळ्या, टाचांच्या भेगांना लावायचं व्हॅसलिन, मी घरासाठी म्हणून जे जे आणते ते सगळं बागेतल्या पेट्यांमध्ये जाऊन बसतं. लग्न झाल्यापासून मी यावर बोलत आले आहे, आणि लग्न झाल्यापासून माझे यजमान ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडत आले आहेत.

सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. रागात असले की मीही मिस्त्रीच म्हणते. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत गावच्या सार्वजनिक बागेतल्या झाडांवर दिवे लागतात, ते काम ह्यांचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवे दिसतात. दिव्यांचं काय, दुकानातून आणले नि फांदीला गुंडाळले. खरं काम खाली, खांबाच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या पेटीत चालतं. तिच्यात कंट्रोलर असतो. कुठल्या झाडाने कधी पेटायचं आणि कधी मालवायचं ते तो ठरवतो. थंडीत ती पेटी आतून उबदार राहते, आणि बाग म्हटली की त्या उबेवर डोळा ठेवून बसलेले थोडेथोडके नसतात. पाल आत शिरते, दोन तारांवर पाय ठेवते आणि स्वतः मरताना कंट्रोलरलाही घेऊन जाते. मुंग्या तर जिथे ठिणगी उडते नेमक्या तिथेच जाऊन चिरडून घेतात, मग एखादं झाड पेटलं ते पेटूनच राहतं. उंदीर तारेवरचं प्लॅस्टिक कुरतडतात. कुंभारमाशीला भोक दिसलं की ती मातीचं घर बांधून मोकळी. आपल्याकडे येत नाहीत तेवढे पाहुणे त्या पेट्यांकडे येतात, असं मी म्हणायचे.

प्रत्येक पाहुण्यावर ह्यांचा तोडगा असे. उंदरांसाठी तारा लोखंडी पाइपातून न्यायच्या आणि पाइपाच्या तोंडात माझी घासणी कोंबायची. मुंग्यांसाठी खांबाला व्हॅसलिनचं कडं. तारा पेटीत नेहमी खालून घ्यायच्या आणि आत शिरण्याआधी त्यांना जरासं पोट सोडायचं, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी तिथेच गळून जातं. तार आत जाते तिथे रबर, त्यावर नट, आणि तो नट असा आवळायचा की मुंगीलाही वाट मिळू नये. विजेचा दाब एकदम वाढला तर आधी स्वतः जळून कंट्रोलरला वाचवणारी एक डबी असते, तीही हे न विसरता बसवत. आणि एवढं करूनही कुठे ओलीमुळे वीज गळायला लागलीच, तर क्षणात सगळं बंद पाडणारा स्विच. माझ्या पेटीत मेलेली पाल कुणी दाखवावी, असं हे म्हणत, आणि कुणी दाखवू शकत नसे.

गेली काही वर्षं ह्यांचे हात थरथरतात. आधी उजवा, मग डावा. सुरुवातीला थंडीचं निमित्त झालं, मग थकव्याचं, मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही, हेही सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "बाहेर कुणाला कळता कामा नये." कळलं तर काय होईल ते मला विचारावं लागलं नाही. विजेच्या कामावर थरथरते हात कोण ठेवून घेईल? तेव्हापासून घराबाहेर पडलं की हात खिशात. चारचौघांत चहा प्यायचं सोडलं. कुणी सही मागितली की म्हणायचे, चष्मा घरी राहिला. "सिनेमातल्या हिरोसारखे खिशात हात घालून कसले फिरता?" असं मी विचारलं की हसायचे. पण बटणं लावून देऊ का विचारलं की चिडायचे. शर्टाची बटणं लावायला ह्यांची अर्धी सकाळ जायची, आणि तेवढा वेळ मी दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी आवरत बसायचे. बघितलेलं ह्यांना सहन झालं नसतं.

मुलगा बोटीवर नोकरीला आहे. वर्षातून एकदा येतो, झोपा काढतो, परत जातो. सून मात्र आल्या वर्षापासूनच सासऱ्याच्या मागे बागेत जाऊ लागली. लग्नाआधी ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे तारा बघून तिला धडकी भरत नसे. शिडीवर चढणं, माळा बांधणं, तारा ओढणं हे तिचं काम. पेट्या मात्र ह्यांच्या. झाकण ह्यांनी उघडायचं, नट ह्यांनी आवळायचे, कुलूप ह्यांनी लावायचं. "मी आहे तोवर पेटीला दुसऱ्याचा हात लागणार नाही," असं ठरूनच गेलेलं. आपल्यानंतर काम सुनेला मिळावं हेही ह्यांच्या मनात होतं आणि बागेच्या साहेबांपाशी तसा खडा टाकूनही झाला होता. साहेब म्हणाले होते, "बघू. मिस्त्री, तुमचं काम म्हणजे प्रश्नच नाही. त्यांचं अजून आम्ही पाहिलेलं नाही."

गेल्या वर्षीच्या हंगामात ती एक दिवस भाजी आणायला म्हणून गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. नखांत फटी बुजवायचं सिलिकॉन अडकलेलं, स्वेटरच्या खिशात पाना.

"बागेत गेली होतीस?" मी विचारलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, बाबांचे नट सैल राहतात. त्यांना वाटतं आवळले, पण बोटांत जोरच नाही. नुसत्या चिमटीने फिरतात. परवा एका नटाशी पालीचं पिल्लू अर्धं आत गेलेलं होतं."

"मग?"

"मग मी मागून जाऊन आवळते. जरासेच. आणि कुठे फट दिसली तर भरते. त्यांच्या लक्षात येणार नाही."

खरं सांगायचं तर आधी मला तिचा राग आला. माझ्या नवऱ्याचं काम तपासणारी ही कोण, असं एकदम मनात येऊन गेलं. मग पालीचं पिल्लू डोळ्यांपुढे आलं. मी गॅस बारीक केला आणि म्हणाले, "भाजीवाला बंद होता म्हणून सांग."

तेव्हापासून आमचं दोघींचं संगनमत झालं. हे पेट्या लावून घरी आले की मी अंघोळीला पाणी काढायचं, पाठीला तेल चोळून द्यायचं, ह्यांच्या आवडीच्या जुन्या गोष्टी उकरून काढायच्या, आणि तेवढ्यात तिने बागेत एक फेरी मारून यायचं. ह्यांना आम्ही ताकास तूर लागू दिली नाही. म्हातारपणी बायको एवढे लाड का करते, असा संशय मात्र ह्यांना एकदोनदा आला. "काही हवंय का तुला?" म्हणून विचारलंही. मी म्हटलं, हो, गाळणी.

त्या वर्षी एकही पेटी बिघडली नाही. हंगाम संपल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांची पाठ थोपटली. हे घरी आले ते ताठ मानेने. जेवताना म्हणाले, "हात थरथरले म्हणून काय झालं? कसब हातात नसतं, डोक्यात असतं." सून वाढत होती. तिने मान वर केली नाही. खूप आनंदात होते हे, आणि मी ताटातला भात नुसता चिवडत बसले.

ह्या वर्षी थंडी लवकर आली. एका सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"गाळणी कुठाय?"

"नवी आहे ती. तिच्यातून अजून धड चहासुद्धा गाळलेला नाही."

"म्हणूनच मागतोय. जुनी जाळी चिकट होते, तिच्यावर मुंग्या येतात."

मग स्टुलावर बसून मला सगळं समजावून सांगितलं, जणू उद्यापासून मीच कामावर जाणार आहे. तळ्याकाठची पेटी दिवसा उन्हात तापते आणि रात्री धुक्याने गार पडते. मग आतल्या हवेला घाम सुटतो आणि तो पेटीच्या तळाशी साचतो. बाहेरचं पाणी अडवता येतं, आतल्या पाण्याला काय करणार? त्याला वाट करून द्यायची. तळाला, मागच्या अंगाला, एक भोक पाडायचं आणि पाल-मुंगी शिरू नये म्हणून आतल्या बाजूने जाळी चिकटवायची. "लोकांना वाटतं, सगळं बंद केलं की पेटी सुरक्षित," हे म्हणाले, आणि माझी नवी गाळणी खिशात घालून निघून गेले.

संध्याकाळी खुशीत होते. जाळी एकदम सरळ बसली म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ड्रिल एकदा घसरलं गं. पत्र्यावर ओरखडा उठला. दुसऱ्यांदा मात्र बरोबर बसलं." त्या वेळी सून बागेच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर होती. तिला ह्यांनी भोकाचं काही सांगितलं नाही, कारण मग ओरखड्याचंही सांगावं लागलं असतं. मी पाणी काढलं, तेल गरम केलं. सून फेरी मारून आली तेव्हा मी तिला डोळ्यांनीच विचारलं. "सगळं घट्ट," ती हळूच म्हणाली, आणि मी निश्चिंत झाले.

दिवे लागले. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघंही बागेत गेलो, कारण त्या दिवशी गर्दी असते आणि गर्दीतलं कौतुक ऐकायला ह्यांना आवडतं. तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी उभे होतो. तळ्याकाठची झाडं एकामागून एक उजळत जायची असतात. ती मध्येच अडखळली. दोन झाडं पेटली ती पेटूनच राहिली, मग लुकलुकली, आणि पुढच्या क्षणी सगळी वाट काळीठिक्कर. आधी लोक हसले, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. मग पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं.

एक बाई अंधारात पाय चुकून पडली होती. मनगट मोडलं होतं. सून धावत मेन स्विचकडे गेली, तिने तळ्याकाठच्या पेटीची जोडणी तोडून बाकीचे दिवे सुरू केले. वाट उजळली तेव्हा हे जागच्या जागी उभे होते, खिशातल्या हातांच्या मुठी वळलेल्या. साहेबांनी त्या बाईंना आपल्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं आणि आमच्याकडे आले. रागावले नाहीत. "सकाळी पेटी उघडून बघा," एवढंच म्हणाले, "आणि परवा ऑफिसात या. मला वर उत्तर द्यावं लागेल."

सकाळी धुकं होतं. ह्यांनी कुलूप काढलं, तेवढ्यालाही वेळ लागला. झाकण उघडताच आतलं पाणी ह्यांच्या चपलांवर सांडलं. तळाशी अजून तांब्याभर तरी असेल. कंट्रोलरच्या बोर्डावर हिरवट पांढरा थर चढलेला. हे खाली वाकले आणि पेटीच्या बुडाखाली बोट फिरवू लागले. एकदा फिरवलं, परत फिरवलं. मग सरळ जमिनीवर बसले आणि मान वाकडी करून बघितलं. ओरखडा होता. ओरखड्याशेजारी सिलिकॉनचा गोळा होता, अंगठ्याने सारखा केलेला. आत, पाण्याखाली, माझ्या गाळणीची जाळी जशीच्या तशी सरळ चिकटलेली दिसत होती.

मी सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मला सगळं कळलं.

"हे मी कधी बुजवलं?" हे म्हणाले.

सुनेने अंगठा मुठीत दडवला.

"भोक पाडल्याचं आठवतं. जाळी लावल्याचं आठवतं." माझ्याकडे वर बघून विचारलं, "बुजवतो म्हणून तुला काही बोललो होतो का मी?"

"घरी चला आधी," मी म्हणाले. "पाय ओले झालेत."

घरी आल्यावर सून माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. "मला ओरखडा दिसला, आई. वाटलं, हात घसरला आणि नको तिथे भोक पडलं. भरून टाकलं मी."

"आतली जाळी नाही दिसली?"

"अंधारात खालून भोक नुसतं काळं दिसलं. झाकण उघडलं असतं तर दिसली असती." ती रडायला लागली. "पण बाबांची पेटी. त्यांनी सांगितलंय ना, उघडायची नाही."

तिला तेव्हाच बाहेर जाऊन सांगायचं होतं. मीच हात धरून थांबवलं. सांगितलं तर नुसतं भोकाचं कसं सांगणार? तू तिथे काय करत होतीस, असं विचारल्यावर बाकीचंही सांगावं लागणार. गेल्या वर्षीची ताठ मान, पाठीवरची थाप, सगळंच जाणार. त्यापेक्षा एक पेटी ह्यांच्या हातून बिघडली असं ह्यांना वाटू दे, असा मी हिशोब केला. एक चूक माणूस पचवतो. हुशारी केली मी, आणि ती दुपारपर्यंतही टिकली नाही.

दुपारी हे खिडकीपाशी बसून होते. जेवले नाहीत. मी कपडे घड्या करत होते. पुटपुटणं कानावर आलं तेव्हा आधी वाटलं, स्वतःशीच चिडलेत. मग शब्द कळले. बागेच्या फाटकापासून तळ्यापर्यंतची झाडं हे क्रमाने म्हणत होते. शेवटपर्यंत गेले, की पुन्हा फाटकापासून.

"परवा आपण काय जेवलो होतो?" मध्येच विचारलं.

मी सांगितलं.

"बरोबर," म्हणाले, पण चेहऱ्यावर भीती तशीच. "धाकट्या भावाकडे शेवटचं कधी गेलो होतो?" ते मी सांगायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, आणि बरोबर आहे का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"आहे. बरोबर आहे," मी म्हणाले.

थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "हात गेले ते मी सोसलं. आता डोकंही चाललं का गं?"

ते मला सोसलं नाही. हातातला कपडा तसाच टाकून मी हाक मारली, "सूनबाई, बाहेर ये. सांगून टाक."

ती आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, ते भोक मी बुजवलं. तुम्ही नाही."

हे वळले. "मी नाही?"

"नाही."

ह्यांचे खांदे खाली आले. एवढा मोठा श्वास सोडला की मला तेव्हा कळलं, सकाळपासून तो अडकून होता. चक्क हसले. "म्हणजे डोकं ठीक आहे," माझ्याकडे बघून म्हणाले. ते हसू तसंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

मग हळूहळू ते ओसरलं. "तू तिथे काय करत होतीस?"

"नट बघायला गेले होते."

"तळ्याकाठचे?"

"सगळे."

"ह्या वर्षी?"

तिने मान हलवली. "गेल्या वर्षीपण."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"पाणी काढायचीस. तेल चोळायचीस." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. "मला वाटायचं, म्हातारपणी तुला माझी दया येते. ते बरं होतं ह्यापेक्षा."

मला वाटलं, ओरडावं ह्यांनी. भांडं फेकावं. भांडणाला मी घाबरत नाही, जन्मभर भांडलो आहोत आम्ही. पण हे तसेच बसून राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे साहेबांनी गेल्या वर्षी पाठ चुकीची थोपटली."

"बाबा, असं नका बोलू," सून त्यांच्यापुढे खाली बसली. "उद्या मी साहेबांना सांगते. तुमची पेटी बरोबर होती, भोक बरोबर होतं, जाळी बरोबर होती. मी वाट लावली तिची. तुमच्या हातांनी काही चुकलं नाही. हे मी सांगणार."

हे तिच्याकडे बघत राहिले. उठून आतल्या खोलीत गेले आणि पांघरूण ओढून झोपले. झोप लागली नाही हे मला माहीत आहे, कारण मलाही नव्हती लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने दुसऱ्या खोलीत जायला निघाले, तर हे म्हणाले, "थांब. बटणं लाव."

मी लावली. खालपासून वरपर्यंत, सावकाश. किती वर्षं मला हे करायचं होतं, आणि आता मनात येत होतं, एकदा तरी वसकन अंगावर यावं, राहू दे म्हणावं. मान वर करून उभे होते. शेवटचं बटण लागल्यावर म्हणाले, "तूही चल."

साहेबांच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघं बसलो. काचेच्या टेबलावर फायली, एक फोन, सुकलेल्या रोपाची कुंडी. बागेचे साहेब आणि कुंडी सुकलेली, एरवी मी ह्यांना कोपराने ढोसलं असतं. साहेबांनी सांगितलं, त्या बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये आहे, बरा होईल. पण वरून विचारणा झालीय. पुढच्या वर्षी तयार पेट्या लावणाऱ्या कंपनीला बोलवा असं काहींचं म्हणणं आहे. "मी तुमच्या बाजूने बोलायचं ठरवलंय, मिस्त्री. पण नक्की काय झालं ते मला कळलं पाहिजे."

सून पुढे सरकली. "साहेब, मी सांगते. ते भोक—"

"भोक मी बुजवलं," हे म्हणाले.

तिने वळून बघितलं. हे तिच्याकडे बघतच नव्हते.

"पाणी जायला म्हणून मीच पाडलं होतं, आणि मीच बुजवून टाकलं. हिला पेटीला हात लावायची परवानगी नव्हती. कधीच नव्हती. बागेत कुणालाही विचारा." मग खिशातून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले. काचेवर बोटं वाजायला लागली, बारीक, न थांबता. ह्यांनी ती दाबून धरली नाहीत. "हे असं आहे, साहेब. बरीच वर्षं झाली. मी कुणाला कळू दिलं नाही."

मी टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसले होते. त्या हातांनी जन्मभर जी कामं केली त्यात तळ्याकाठची ती पेटी सगळ्यात नीट होती. जाळी सरळ होती, भोक जागेवर होतं. तेवढं एक काम धडधडीत बरोबर होतं, आणि तेच हे स्वतःच्या तोंडाने चूक म्हणून सांगत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही, कारण कंपनी येऊ नये, सून त्या बागेत राहावी, एवढ्यासाठी हे काय देऊन टाकतायत ते मला दिसत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. हातांकडे बघवेना त्यांना. "आधी सांगायचंत, मिस्त्री," म्हणाले. "आता पेट्यांचं काम मी तुम्हाला नाही देऊ शकणार. समजून घ्या."

"समजतंय. म्हणून तर हिला घेऊन आलोय. हिचा हात पक्का आहे. मी शिकवलंय."

साहेब सुनेकडे वळले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांना वाटलं असणार, सासऱ्याच्या आजारपणाचं वाईट वाटतंय. आवाज मऊच होता त्यांचा, पण जरा नाराजीचा. "तुम्ही रोज त्यांच्याबरोबर असता. हे हात तुम्हाला दिसत नव्हते? त्यांच्यामागून एक फेरी मारून सगळं तपासून घ्यायला काय हरकत होती?"

तिने तोंड उघडलं.

"मीच मारू दिली नसती, साहेब," हे म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, एक कोरा कागद पुढे ओढला आणि पुढच्या वर्षीच्या कामासाठी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिला हुंदका आवरेना. मग ते ह्यांनीच सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून, साहेबांचं लिहून होईपर्यंत.